सॅन फ्रान्सिस्कोची विनाचालक टॅक्सी: चालण्यात पक्की, थांबण्यात कच्ची

वेमोची विनाचालक टॅक्सी रस्त्यावर चांगली चालते, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात ती पूर्ण थांबते आणि आपली पाळी आली की निघते. झेब्रा क्रॉसिंगवर कोणी पाऊल टाकलं की ब्रेक लागतो, आणि तोही धक्का न देता. पैसे मोजून बसणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. गाडी मला कुठून उचलेल? कुठे सोडेल? त्याच अंतरासाठी बस, बार्ट (इथली उपनगरी रेल्वे), उबर किंवा सायकल हाताशी असताना हिचे जादा पैसे कधी वसूल होतात? बे एरियात राहणाऱ्यांना, आणि मुलांकडे काही महिने मुक्कामाला आलेल्या आई-बाबांना, याचंच उत्तर हवं असतं. म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. गूगलने २००९मध्ये सुरू केलेला प्रकल्प २०१६च्या अखेरीस वेमो नावाची वेगळी कंपनी झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ड्रायव्हर नसलेल्या गाडीत चोवीस तास भाडं घेऊन माणसं नेण्याची परवानगी १० ऑगस्ट २०२३ला मिळाली. २५ जून २०२४पासून प्रतीक्षायादी संपली आणि अॅप असलेल्या कोणालाही गाडी बोलावता येऊ लागली. मात्र सर्वसामान्य प्रवाशांसाठी फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेले जलद महामार्ग, बंदच होते, त्यामुळे लांबच्या फेऱ्या आतल्या रस्त्यांनी रेंगाळत जायच्या. नोव्हेंबर २०२५मध्ये फ्रीवे खुले व्हायला लागले, सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा पट्टा सलग जोडला गेला आणि सॅन होजे विमानतळही सेवेत आला. खाडीच्या पूर्वेला राहणाऱ्यांना याचा उपयोग नव्हता. २०२५ संपतानाही फ्रीमाँट, ओकलंड, बर्कली नकाशाबाहेरच होती. फ्रीमाँटमधल्या मराठी घरांना शहरात यायचं तर बार्ट किंवा स्वतःची गाडी, हेच मुख्य मार्ग.

गाडीत काय आहे

जॅग्वारची आय-पेस ही विजेवर चालणारी गाडी. तिच्यावर २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार. लायडार लेसरचे अतिसूक्ष्म झोत टाकतो आणि ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजतो. त्यामुळे अंधारात, रस्त्यावर दिवा नसला तरी त्याचं काही अडत नाही. रंग मात्र त्याला कळत नाहीत. सिग्नल लाल की हिरवा आणि पाटीवर काय लिहिलंय, हे कॅमेऱ्याचं काम. रडारला बारीक आकार दिसत नाही, पण समोरची वस्तू किती वेगाने येते किंवा जाते हे ते थेट सांगतं, आणि त्याच्या लांब लहरी धुक्यातून पार होतात. उन्हाळ्यात संध्याकाळी पॅसिफिकवरून धुकं आत शिरतं आणि शहराचा पश्चिम भाग झाकून टाकतं. अशा गावात तिन्ही साधनं एकत्र ठेवणं ही गरज आहे. फक्त कॅमेऱ्यांवर विसंबण्याचा टेस्लाचा मार्ग स्वस्त आहे, पण धुक्याच्या संध्याकाळी बसायचं झालं तर आमची पसंती तीन साधनांच्या गाडीलाच.

त्याशिवाय गाडीकडे शहराचा आधीच तयार केलेला बारीक नकाशा असतो: फुटपाथची कड कुठे, लेन किती, सिग्नल कोणत्या उंचीवर. रस्ता खोदला, बॅरिकेड लावले, लेन सरकवली की नकाशा आणि डोळ्यांपुढचा रस्ता जुळत नाहीत. असं झालं की गाडी सावध होते, वेग कमी करते, प्रसंगी दूरच्या मदतनिसाला विचारते. हा मदतनीस कुठेतरी बसून स्टिअरिंग फिरवत नाही. गाडी त्याला प्रश्न पाठवते, ‘ही लेन बंद आहे असं समजू का?’ अशा धाटणीचा, आणि तो उत्तर देतो. पुढची हालचाल गाडी स्वतः ठरवते. हे नीट लक्षात ठेवा, कारण ही सेवा कधी कोलमडते त्याचं मूळ याच रचनेत आहे. त्याबद्दल पुढे.

बसायचं कसं

अॅपमध्ये ठिकाण टाकलं की भाडं, अंदाजे वेळ आणि गाडी कुठे येईल तो ठिपका दिसतो. भाडं आधीच ठरतं. गाडी आली की छतावरच्या घुमटावर तुमची आद्याक्षरं उजळतात. संध्याकाळी रेस्टॉरंटबाहेर चार सारख्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात, तेव्हा ती वाचल्याशिवाय हँडलला हात लावू नका. अॅपवरून कुलूप उघडलं की दारात दडलेलं हँडल बाहेर येतं. म्हणजे फोन बंद पडला तर गाडी समोर उभी असूनही उपयोग नाही. रात्री उशिरा निघताना चार्ज तपासा.

मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक, असे चौघं बसतात. ड्रायव्हरच्या जागेवर बसायला मनाई आहे, मग पाचवा माणूस कितीही सडपातळ असो. सगळ्यांनी पट्टे लावले आणि दारं लागली की पडद्यावरचं किंवा अॅपमधलं सुरू करण्याचं बटण दाबायचं. दार नुसतं टेकलेलं असेल, किंवा पट्ट्याचा बक्कल दारात अडकला असेल, तर गाडी हलत नाही. उतरतानाही हेच. शेवटच्या माणसाने दार नीट लावलं नाही तर गाडी तिथेच अडकून पडते आणि मागे रांग लागते. उतरताना आतलं हँडल दोनदा ओढावं लागतं, पहिल्यांदा कुलूप निघतं आणि दुसऱ्यांदा दार उघडतं. ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दार अडकलं असं वाटून ते घाबरतात. मागून सायकल येत असेल तर उतरताना गाडी सूचना देते. दार धाडकन उघडून सायकलस्वाराला पाडणं हा शहरातला जुना अपघात आहे, त्यामुळे ही सोय फार मोलाची.

मध्येच उतरायचं असेल तर बाजूला थांबण्याचं बटण असतं. ते दाबलं की गाडी तिथल्या तिथे ब्रेक मारत नाही. थांबण्याजोगी जागा शोधते आणि मग थांबते.

शेवटचे शंभर मीटर

आणि इथेच हिची खरी परीक्षा होते. उबरचा ड्रायव्हर दारासमोर येतो, इंडिकेटर लावून दुसऱ्या रांगेत उभा राहतो, हात हलवतो, तुम्ही धावत जाऊन बसता. हे बेकायदा आहे, पण सोयीचं आहे. वेमोने थांबायला अग्निशमनाचा नळ नसलेली, बसथांबा, सायकलची लेन किंवा कोणाच्या गॅरेजचं तोंड नसलेली जागा शोधायची असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दाट वस्तीत तशी जागा दारासमोर क्वचितच मिळते. मग अॅप सांगतं: दोन मिनिटं चाला. सपाट सनसेट भागात दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. नॉब हिल किंवा रशियन हिलवर तेवढ्याच अंतरात गुडघे बोलू लागतात.

कधी गाडीच नियम वाकवते. २०२४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या गाड्यांना बेकायदा थांबल्याबद्दल ५८९ पावत्या फाटल्या, दंड झाला ६५,०६५ डॉलर. रस्त्यात थांबून माणसं चढवायची की जागा शोधत पुढे जाऊन प्रवाशाला चालायला लावायचं, हा पेच अजून सुटलेला नाही. गर्दीच्या रस्त्यावर उबरवालाही तेच करतो, पण मागचा हॉर्न ऐकून तो वीस फूट पुढे सरकतो. वेमो एकदा थांबली की सहसा हलत नाही.

यावर उपाय आहेत. गाडी मागवण्याआधी नकाशा मोठा करून चालण्याची ठिपक्यांची रेघ बघा आणि ती रस्ता ओलांडते का ते तपासा. गिअरीसारख्या रुंद, वर्दळीच्या रस्त्यावरून मागवण्यापेक्षा ठिपका ओढून आडव्या गल्लीत न्या, तिथे गाडी निवांत थांबते आणि तुम्हालाही घाई होत नाही. चढावर राहत असाल तर वरच्या बाजूचा ठिपका निवडा, चालणं उताराचं होईल. सोडण्याच्या जागेलाही हेच लागू. रुग्णालयात जाताना कोणतं प्रवेशद्वार ते नेमकं टाका. नुसतं रुग्णालयाचं नाव टाकलं तर गाडी इमारतीच्या भलत्याच बाजूला सोडू शकते, आणि तिथे ‘दादा, जरा पुढे घ्या’ म्हणायला कोणी नसतं.

मार्केट स्ट्रीटच्या पूर्व भागात २०२०पासून खाजगी गाड्यांना बंदी आहे. वेमोला २०२५मध्ये तिथे मर्यादित शिरकाव मिळाला. पण त्या रस्त्याच्या पोटातून बार्ट आणि मुनीची (शहराच्या सार्वजनिक वाहतूक सेवेची) मेट्रो धावते आणि वरून बस आणि जुन्या ट्रॅम जातात. अख्ख्या शहरात सार्वजनिक वाहतूक कुठे सर्वात दाट असेल तर इथे. इथून इथेच जायला टॅक्सी मागवणं म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही घालवणं.

भाड्याचा हिशोब

ओबी या भाडं-तुलना करणाऱ्या कंपनीने २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेऱ्यांचे दर जमवले. सरासरी निघाली अशी: लिफ्ट (उबरसारखीच टॅक्सी सेवा) १४.४४ डॉलर, उबर १५.५८ डॉलर, वेमो २०.४३ डॉलर. वरवर पाहता वेमो जवळपास पाच डॉलरने महाग. पण उबरच्या आकड्यात टिप धरलेली नाही. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे १५ टक्के टिप दिली तर उबर जवळजवळ १८ डॉलरवर जाते आणि फरक अडीच डॉलरचा उरतो. वेमोत टिपच नाही. त्यानंतर दर बदलले असतील, म्हणून दोन्ही अॅप शेजारी उघडून बघणं उत्तम. एकटा माणूस, दुपारची वेळ, तीन-चार किलोमीटर, असं असेल तर फरक बहुतेक किरकोळ निघतो. संध्याकाळच्या गर्दीत तो बराच वाढतो, कारण गाड्या मोजक्या आहेत. माणूस-ड्रायव्हर भाव चढला की घरातून बाहेर पडतो, या गाड्यांची संख्या मात्र कंपनीने उतरवली तेवढीच राहते. मॅच सुटल्यावर किंवा पाऊस आल्यावर वेमोची वाट बघण्यात अर्थ नाही.

मुनीच्या बसला किंवा मेट्रोला मोठ्या माणसाला सुमारे ३ डॉलर पडतात, आणि तेवढ्यात दोन तास कितीही वेळा बदलून जाता येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मुनी मोफत आहे. आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं असं चौकोनी कुटुंब निघालं तर बसने ६ डॉलर, वेमोने २० किंवा जास्त. चौघंही मोठे असतील तर बसचे १२, आणि तेव्हा वेमोचा विचार करायला हरकत नाही. केबल कारचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. १८७३पासूनचा तो वारसा एकदा जरूर अनुभवा, पण त्याला वाहतूक म्हणून मोजू नका.

बस आणि रेल्वे कुठे सरस

वेळेच्या बाबतीत लोकांचा अंदाज नेहमी चुकतो. शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर आहे, काही ठिकाणी २० मैल. वेमो ती पाळते. रिकाम्या रस्त्यावर माणूस-ड्रायव्हर ती सर्रास ओलांडतो, म्हणून रात्री उबर लवकर पोचते. दिवसा दोघंही त्याच गर्दीत अडकतात. बोगद्यातली गाडी मात्र अडकत नाही. सनसेटकडून डाउनटाउनला कामाच्या वेळी मुनी मेट्रोच्या एन-जुडा मार्गाने जाणारा माणूस डोबोसपाशी बोगद्यात शिरला की वरच्या सिग्नलांशी त्याचा संबंध संपतो. गिअरीवर ३८-आर या जलद बसला बऱ्याच भागात स्वतःची लाल लेन आहे, आणि त्या लेनमध्ये वेमोला जाता येत नाही.

रस्ता किती माणसांसाठी किती व्यापला, हा हिशोब तर बसच्याच बाजूचा. ६० फुटी जोडबसमध्ये गर्दीला शंभराच्या आसपास माणसं मावतात. तेवढ्यांना चार-चार करून बसवलं तरी २५ वेमो लागतील, आणि प्रत्यक्षात एका गाडीत बहुधा एक-दोघंच असतात. भर म्हणजे एका प्रवाशाला सोडून दुसऱ्याकडे जाताना ही गाडी रिकामी धावते. स्वतःची मोटार निदान उभी तरी राहते. विनाचालक टॅक्सीमुळे रस्ते मोकळे होतील या म्हणण्याला या शहरात तरी आधार दिसत नाही.

आणि ड्रायव्हरविना चालणं हे इथे नवीनही नाही. बार्ट १९७२मध्ये सुरू झाली तीच स्वयंचलित नियंत्रणावर. केबिनमधला माणूस दारं आणि सुरक्षितता बघतो, वेग यंत्रणा ठरवते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नियंत्रण यंत्रणेतल्या क्रिस्टल नावाच्या एका बिघडलेल्या भागामुळे फ्रीमाँट स्थानकात शिरणाऱ्या गाडीला वेग कमी करण्याऐवजी वाढवण्याचा हुकूम मिळाला आणि ती रूळ संपवून पलीकडे गेली. काही जण जखमी झाले, कोणी दगावलं नाही. मुनीच्या बोगद्यातलं स्वयंचलित नियंत्रण १९९८चं, आणि ते सुरू करायला फ्लॉपी डिस्क लागायच्या. २०२४मध्ये हिताची कंपनीशी ती यंत्रणा बदलण्याचा करार झाला. जुनाट वाटलं तरी रूळ, ठरलेली अंतरं आणि कुंपण असलेल्या मार्गावर स्वयंचलन फार सोपं असतं. उघड्या रस्त्यावर मात्र स्केटबोर्डवाला, कचऱ्याचा ट्रक, सिग्नल तोडणारा, कुत्र्याचा लांब पट्टा, सगळं एकाच वेळी समोर येतं. वेमोने साधलेलं काम किती अवघड आहे ते या तुलनेत कळतं, आणि त्याबद्दल तिला पूर्ण श्रेय द्यायला हवं.

सुरक्षिततेचे आकडे कसे वाचायचे

कंपनीच्या संशोधकांचा एक अभ्यास समीक्षित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. जानेवारी २०२५पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या विनाचालक प्रवासाची त्यात त्याच शहरांतल्या माणूस-ड्रायव्हरांशी तुलना केली. पादचाऱ्यांना दुखापत होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी, सायकलस्वारांचे ८२ टक्क्यांनी कमी, चौकांतले ९६ टक्क्यांनी कमी. अभ्यास कंपनीचाच असला तरी अपघातांची नोंद सरकारकडे करावी लागते आणि मूळ आकडे खुले आहेत, म्हणून त्याला वजन आहे. कारणंही समजण्यासारखी आहेत. ही गाडी पीत नाही, पेंगत नाही, फोन बघत नाही, आणि तिला मागचंही तेवढंच दिसतं जेवढं पुढचं.

पण ही तुलना मोटारीची मोटारीशी आहे. प्रवासी-मैलामागे मृत्यू मोजले तर अमेरिकेत बस आणि रेल्वे मोटारीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. वेमो सुरक्षित म्हणून बस सोडावी, असा अर्थ या आकड्यांतून निघत नाही.

शिवाय सगळ्या विनाचालक गाड्या एका मापाने मोजू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये याच शहरात क्रूझ या दुसऱ्या कंपनीच्या विनाचालक गाडीने, आधी दुसऱ्या मोटारीने उडवलेल्या एका पादचारी महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेलं. राज्याने परवाना स्थगित केला आणि डिसेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सने क्रूझच्या टॅक्सीवर पैसा घालणं थांबवलं. त्या गाडीची धडक ओळखण्यात चूक झाली होती, आणि बाजूला जाऊन थांबण्याचा नियम तिने नको तिथे पाळला. वेमोलाही दुरुस्त्या कराव्या लागल्या आहेत. साखळ्या, फाटकं अशा बारीक अडथळ्यांना धडकल्याबद्दल मे २०२५मध्ये १,२१२ गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा रिकॉल, म्हणजे सक्तीची दुरुस्ती, जाहीर झाला, आणि ऑस्टिनमध्ये थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडून गेल्याबद्दल डिसेंबर २०२५मध्ये आणखी एक. शाळेच्या बसचा लाल दिवा लागलेला असताना पुढे जाणं अमेरिकेत गंभीर नियमभंग मानतात. मुलं रस्ता ओलांडत असतात. ही चूक हलकी नव्हे.

कोलमडते कधी

२० डिसेंबर २०२५च्या शनिवारी वीज कंपनीच्या उपकेंद्रात आग लागली आणि शहराचा मोठा भाग अंधारात गेला. सिग्नल बंद पडले. बंद सिग्नल म्हणजे चारही बाजूंनी स्टॉप, हा नियम वेमोच्या गाड्यांना माहीत होता. पण खात्री करून घेण्यासाठी त्या मदतनिसाला विचारत होत्या, आणि एकदम इतक्या गाड्यांनी विचारल्यावर उत्तरं तुंबली. गाड्या चौकांतच उभ्या राहिल्या, मागे वाहतूक अडली, अखेर कंपनीने सेवा थांबवली. एकेका गाडीच्या दृष्टीने सावध असलेला निर्णय शंभर गाड्यांनी एकाच वेळी घेतला की शहर ठप्प होतं. माणसांमध्ये निदान प्रत्येकाची चूक वेगळी असते. बार्टलाही त्या रात्री पॉवेल आणि सिव्हिक सेंटर स्थानकांवर न थांबता पुढे जावं लागलं, पण तिच्या गाड्या धावत राहिल्या. शिकण्याजोगं एवढंच: वीज गेली, भूकंप झाला, मोठी आग लागली, अशा वेळी वेमोच्या भरवशावर राहू नका. तेव्हा माणूस-ड्रायव्हर, सायकल किंवा स्वतःचे पाय.

दुसरी अडचण माणसांची. समोर कोणी आडवा उभा राहिला तर गाडी थांबते आणि थांबूनच राहते. टवाळ पोरांनी प्रवाशाला असं अडकवल्याच्या घटना या शहरात घडल्या आहेत. अशा वेळी काचा बंद, दारं बंद, उतरायचं नाही. पडद्यावरून मदतकेंद्राला फोन लावायचा आणि धोका वाटला तर सरळ ९११ हा आणीबाणीचा नंबर.

कोणासाठी

रात्री उशिरा एकटीने घरी जाणाऱ्या बाईसाठी ही सेवा आज शहरातली सर्वात चांगली सोय आहे, असं आमचं ठाम मत आहे. अनोळखी माणूस गाडीत नाही, वायफळ चौकशी नाही, आणि मध्यरात्रीनंतर बार्ट बंद आणि मुनीच्या रात्रीच्या बस विरळ. आतले कॅमेरे सुरू असतात, हे ठाऊक असू द्या. मायक्रोफोन मदतकेंद्राशी बोलतानाच चालू होतो, असं कंपनी सांगते.

अंधांसाठीही उत्तम. सोबतचा मार्गदर्शक कुत्रा बघून फेरी रद्द करणारा ड्रायव्हर इथे नाही. घडी न होणारी व्हीलचेअर असलेल्यांना मात्र ही जॅग्वार निरुपयोगी आहे. अॅपमध्ये त्यांच्यासाठी रॅम्पची गाडी मागवता येते, पण ती माणूस चालवतो. मुनीच्या प्रत्येक बसला रॅम्प आहे आणि बस फुटपाथकडे झुकतेही, तेव्हा इथे बस निर्विवाद पुढे.

नातवंडांना घेऊन जायचं असेल तर बालआसन तुमचं तुम्ही आणायचं, गाडीत ते नसतं. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला बालआसन किंवा बूस्टर सक्तीचं आहे, आणि दोन वर्षांखालच्या बहुतेक बाळांना मागे तोंड करून बसवावं लागतं. आसन बसवायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि गाडी तुमच्यासाठी फार वेळ थांबत नाही. घरीच पट्टे सैल करून, आसन तयार ठेवूनच गाडी मागवा. बसमध्ये ही कटकट नाही. अठरा वर्षांखालच्यांना इथे एकट्याने वेमोतून जाता येत नाही.

झूक्स या आणखी एका कंपनीची स्टिअरिंगच नसलेली, समोरासमोर चार आसनांची गाडी नोव्हेंबर २०२५पासून शहराच्या काही भागात निवडक लोकांना फुकट फिरवू लागली. बघण्यासारखी आहे, रोजच्या कामाची व्हायला वेळ लागेल. टेस्लाच्या बे एरियातल्या सेवेत तेव्हा ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेलाच होता, म्हणून ती या तुलनेत धरलेली नाही. लांबच्या अंतराला कॅलट्रेन ही रेल्वे विसरू नका. सप्टेंबर २०२४पासून ती विजेवर धावते, जलद गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेला तासाभरात नेते. तेवढ्याच अंतराला वेमो फ्रीवेने गेली तरी भाडं कित्येक पट आणि संध्याकाळी वेळही जास्त. सनीव्हेलला उतरून घरापर्यंतचे शेवटचे तीन किलोमीटर मात्र वेमोला द्या, तिथले रुंद रस्ते आणि मोकळ्या कडा तिला थांबायला सोयीच्या आहेत.

विमानतळाचं असं. सॅन होजेहून देशांतर्गत विमान आणि हातात एक बॅग असेल तर वेमो झकास. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर तिची सोय टप्प्याटप्प्याने येते आहे, आणि सुरुवात टर्मिनलच्या दारापासून नव्हे तर भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रापासून झाली. तिथून पुढे मोफत एअरट्रेन. हलकं सामान असेल तर डाउनटाउनहून बार्ट थेट आंतरराष्ट्रीय टर्मिनलमध्ये सोडते, साधारण अर्धा तास. भारताचं विमान, माणशी दोन मोठ्या बॅगा आणि वर पिशव्या, असा बेत असेल तर उबरची किंवा लिफ्टची मोठी गाडी आदल्या दिवशीच ठरवा. आय-पेसच्या डिकीत दोघांचं एवढं सामान मावत नाही, आणि बॅगा उचलायला हात लावणारं कोणी लागतंच.